तूप पिवळं, बलक केशरी: प्राण्याने काय खाल्लं हे प्रकाशाला कसं कळतं?

गायीचं तूप पिवळं असतं आणि म्हशीचं पांढरं. दोघी एकाच गोठ्यात, एकाच वैरणीवर असल्या तरी हा फरक राहतो. आता त्याच गायीच्या दोन वेळच्या तुपाच्या वाट्या शेजारी ठेवा. एक उन्हाळ्यातली, नुसत्या कडब्यावर असतानाची. दुसरी पावसाळ्यातली, हिरवा चारा मिळत असतानाची. पावसाळ्यातली वाटी जास्त पिवळी दिसते. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, गोठा असलेल्या घरातल्या आजीला ते माहीत असतं.

म्हणजे जनावराने काय खाल्लं याची खूण त्याच्या शरीरात उतरते आणि ती प्रकाशात दिसते. शास्त्रज्ञ याच गोष्टीच्या बरेच पुढे गेले आहेत. चरबीचा तुकडा, केस, पीस, हाड, शेण किंवा नुसता श्वास घ्यायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि परत आलेल्या किंवा आरपार गेलेल्या प्रकाशातून कुठला भाग गायब झाला ते मोजायचं. या तंत्राला वर्णपटशास्त्र किंवा स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? रानातल्या प्राण्याला विचारता येत नाही, रात्रभर त्याच्या मागे फिरता येत नाही आणि पोट फाडून बघायचं तर त्याला मारावं लागतं. शिवाय या प्रश्नावर पैसे आणि भांडणं दोन्ही अवलंबून असतात. 'आमची कोकरं कुरणावर वाढलेली आहेत' म्हणून मेंढपाळ जास्त भाव मागतो, ते खरं का? हत्ती जंगलात पोट भरतोय की शेतात?

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. गवत, मका, शेळी यातलं काहीच प्रकाशाला ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतात ते रेणू आणि रेणूंमधले बंध. तिथून 'याने काय खाल्लं' इथपर्यंतची उडी माणूस मारतो. चूक झाली तर बहुतेक वेळा त्या उडीत होते.

पिवळा रंग येतो कुठून?

हिरव्या पानात हरितद्रव्याच्या जोडीला कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात. गाजरातलं बीटा-कॅरोटीन त्यातलंच, झेंडूतलं ल्युटीनही त्यातलंच. वनस्पती ही द्रव्यं बनवतात. प्राण्यांना, काही अपवाद सोडले तर, ती बनवता येत नाहीत. त्यामुळे प्राण्याच्या शरीरात कॅरोटिनॉइड सापडलं तर ते तोंडावाटेच आलेलं असतं.

गाय चाऱ्यातलं बीटा-कॅरोटीन घेते, त्यातल्या काहीचं जीवनसत्त्व 'अ' करते आणि उरलेलं चरबीत आणि दुधाच्या स्निग्धांशात साठवते. म्हैस जवळपास सगळ्याचं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते आणि ते रंगहीन असतं. म्हणून म्हशीचं तूप पांढरं. तिने हिरवं खाल्लेलं नसतं असं नाही; तिच्या शरीराने पुरावा बदलून टाकलेला असतो. प्राणी बदलला की तीच खूण वाचायचे नियम बदलतात, हे इथेच दिसतं.

ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो याच कुटुंबातल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतात. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव यांच्यातून ती द्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लं करडी जन्मतात. प्राणिसंग्रहालयात साधं खाद्य दिलं तर मोठे पक्षीही फिके पडतात, म्हणून तिथे खाद्यात मुद्दाम रंगद्रव्य मिसळतात.

ही द्रव्यं निळा प्रकाश शोषतात, साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की आपल्याला उरलेलं पिवळं दिसतं. डोळा एवढंच सांगतो, 'पिवळं आहे'. वर्णपटमापक सांगतो की ४५० ला किती प्रकाश कमी झाला, ४६० ला किती, ४७० ला किती. डोळ्याच्या मताचा आकडा होतो.

पांढऱ्या चरबीतला पिवळा

फ्रान्समध्ये कुरणावर वाढलेल्या कोकराच्या मांसाला मान आहे आणि भावही. पण खाटकाच्या फळीवर कुरणावरचं कोकरू आणि गोठ्यात धान्य-पेंड खाऊन वाढलेलं कोकरू सारखंच दिसतं. मेंढी गायीसारखी भरपूर कॅरोटीन साठवत नाही. तिच्या चरबीत उतरतं ते मुख्यतः थोडंसं ल्युटीन, इतकं थोडं की चरबी पांढरीच वाटते.

फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतल्या सोफी प्राश आणि मिशेल तेरिए यांनी १९९९ साली या प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. कल्पना साधी होती. चरबीवर हातात धरता येणारं प्रकाशमापक टेकवायचं आणि ४५० ते ५१० नॅनोमीटरच्या पट्ट्यात परावर्तित प्रकाश किती खाली जातो ते मोजायचं. कॅरोटिनॉइड जेवढं जास्त, तेवढा त्या जागी खड्डा खोल. खड्ड्याचं आकारमान हा निर्देशांक. कुरणावरच्या कोकरांचा खड्डा खोल निघाला, गोठ्यातल्यांचा उथळ. डोळ्याला जे पांढरं दिसत होतं त्यात यंत्राला पिवळा दिसला. मांस कापावं लागत नाही, रसायनं लागत नाहीत आणि मोजणीला काही सेकंद पुरतात. फक्त रक्ताचा डाग नसलेली स्वच्छ जागा निवडावी लागते, कारण रक्तही स्वतःच्या लहरी शोषतं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण बाजारात कोकरं फक्त दोन प्रकारची नसतात. एखादं तीन महिने चरतं आणि शेवटचे काही आठवडे अंग भरावं म्हणून गोठ्यात धान्यावर ठेवतात. त्या काळात नवी, रंगहीन चरबी साठत जाते आणि जुनं रंगद्रव्य त्यात विरळ होतं. मग खड्डा उथळ होतो आणि खरोखर चरलेलं कोकरू 'न चरलेलं' वाटायला लागतं. उलटही होतं. कोकराने कुरण पाहिलेलंच नाही, पण गोठ्यात त्याला भरपूर लसूणघास मिळाला. लसूणघासात कॅरोटिनॉइड असतंच, त्यामुळे खड्डा खोल.

ग्राहकाचा प्रश्न होता 'हे चरलं का?' यंत्राने उत्तर दिलं 'यात कॅरोटिनॉइड इतकं आहे'. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. टोकाच्या दोन प्रकारांत ती जुळतात, मधल्यांत गडबड करतात.

अंड्यांत ही गडबड आपल्या घरापर्यंत येते. गावरान अंड्याचा बलक केशरी असतो, पोल्ट्रीतल्याचा फिका असतो, म्हणून केशरी म्हणजे गावरान, असं आपण धरून चालतो. कोंबडीलाही कॅरोटिनॉइड बनवता येत नाही, ते खाद्यातूनच येतं. पण पोल्ट्रीच्या खाद्यात पिवळा मका असतो आणि झेंडूच्या फुलांचा अर्कही घालतात. बलक किती गडद हवा ते ठरवून खाद्य देता येतं आणि त्यासाठी त्या धंद्यात क्रमांक घातलेल्या रंगपट्ट्या वापरतात. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं झक्क केशरी निघू शकतं. अंगणातल्या कोंबडीला उन्हाळ्यात हिरवं काही न मिळता पांढरी ज्वारीच टिपावी लागली, तर तिच्या अंड्याचा बलक फिका निघतो. 'बलक बघा, गावरान ओळखा' असे व्हिडिओ पुढे पाठवताना एवढं आठवलं तरी पुरे.

लाल रंगाच्या पलीकडे

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. लाल रंग संपतो त्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, पारा सर्वात वर चढला. तो अवरक्त प्रकाश.

(वर्णपटाचा विषय निघाला की 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला' हा संदेश हमखास फिरतो, म्हणून कंसात सांगून टाकतो. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी आपलं निरीक्षण इंग्लंडमधून केलं. लॉकियर विजयदुर्गावर आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी.)

रंगद्रव्य नसलेल्या गोष्टी वाचायच्या तर हाच न दिसणारा प्रकाश कामाला येतो. रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. कार्बन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन, ऑक्सिजन-हायड्रोजन या प्रत्येक जोडीची थरथर वेगळ्या लयीची असते आणि आपल्या लयीशी जुळणारा अवरक्त प्रकाश ती शोषून घेते. प्रथिनात नायट्रोजन-हायड्रोजनच्या जोड्या भरपूर, चरबीत कार्बन-हायड्रोजनच्या, पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या.

दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या, सुमारे २५०० नॅनोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला निकट-अवरक्त म्हणतात. इथे या जोड्यांच्या खुणा स्पष्ट रेषांसारख्या नसतात. एकावर एक चढलेल्या, पसरट टेकड्यांसारख्या असतात. त्या डोळ्यांनी वाचणं अशक्यच. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातले अभियंता कार्ल नॉरिस यांनी यावर तोडगा काढला, आधी धान्यातलं पाणी आणि मग प्रथिनं मोजण्यासाठी. शेकडो नमुने घ्यायचे. प्रत्येकाचा वर्णपट घ्यायचा आणि त्याच नमुन्याची नेहमीची रासायनिक तपासणीही करायची. मग दोन्हींची सांगड घालणारं समीकरण गणिताने शोधायचं. एकदा ते जमलं की नव्या नमुन्यासाठी रसायनं नकोत, नुसता प्रकाश पुरतो. आज धान्यबाजारात मिनिटाभरात गव्हाचं प्रथिन सांगणारी यंत्रं याच पद्धतीवर चालतात.

या सांगडीला अंशांकन म्हणतात. सगळा जीव तिच्यात आहे.

शेणाचं पाकीट

टेक्सासमधल्या पशुपालकाची अडचण आपल्या धनगरासारखीच असते. जनावर हजार प्रकारची झुडपं-गवतं खातं, त्यातलं चांगलं निवडून खातं. कुरणातलं गवत कापून तपासलं तरी जनावराने नेमकं काय उचललं ते कळत नाही. लायन्स आणि स्टुथ या संशोधकांनी १९९२ साली दाखवलं की मोकळ्या चरणाऱ्या गुरांच्या शेणाच्या निकट-अवरक्त वर्णपटावरून त्यांनी खाल्लेल्या चाऱ्यातलं प्रथिन आणि चाऱ्याची पचनीयता यांचा अंदाज बांधता येतो.

नीट पाहा, त्यांनी शेणातलं प्रथिन मोजलं नाही. चाऱ्यातलं सांगितलं, जो चारा कधीच पचून गेला होता. हे जमलं कारण अंशांकनासाठी त्यांच्याकडे जोड्या होत्या. या जनावराने खाल्लेला चारा हा आणि त्यानंतरचं शेण हे. अशा पुरेशा जोड्या जमवल्या की शेणातल्या न पचलेल्या तंतूंची, जिवाणूंच्या अवशेषांची, आतड्यातून आलेल्या द्रव्यांची एकत्र छाप चाऱ्याकडे बोट दाखवायला लागते. पुढे टेक्सासच्या कृषी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने ही सेवाच सुरू केली. पशुपालक शेणाचा नमुना टपालाने पाठवायचे आणि पेंड द्यायची का, किती द्यायची, याचा सल्ला घ्यायचे.

गुरांसाठी केलेलं समीकरण शेळ्यांना लागू पडत नाही, हरणांना तर नाहीच. प्रत्येकासाठी वेगळ्या जोड्या जमवाव्या लागतात.

प्रकाश कधीकधी प्राण्याऐवजी ताटाकडे वळवावा लागतो. ऑस्ट्रेलियातला कोआला नुसती निलगिरीची पानं खातो, तरी एका झाडावर तो रमतो आणि शेजारच्या, त्याच जातीच्या झाडाकडे ढुंकून पाहत नाही. निलगिरीच्या पानांत मळमळ आणणारी काही संरक्षक द्रव्यं असतात आणि त्यांचं प्रमाण झाडागणिक बदलतं. बेन मूर आणि विल्यम फोली यांनी फिलिप बेटावरच्या झाडांच्या पानांतली ही द्रव्यं निकट-अवरक्त प्रकाशाने मोजली आणि कोआला कुठल्या झाडांवर दिसतात याच्याशी ती ताडून पाहिली. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या या कामाचा निष्कर्ष असा होता की कोआलांना मोठी आणि हे द्रव्य कमी असलेली झाडं आवडतात. आपल्याला जे एकसारखं हिरवं रान दिसतं त्यात कोआलासाठी जेवणाची झाडं मोजकीच असतात. रान किती हेक्टर राखलं एवढ्याच हिशेबाने कोआला वाचत नाही, हे त्यातून निघालं.

ऊस आणि भात यांच्यातला जड कार्बन

आता वेगळ्या प्रकारची खूण. निसर्गातल्या कार्बनच्या दर शंभर अणूंमागे एखादाच थोडा जड असतो, कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही. रासायनिक वागणूक तीच, फक्त वजन जास्त.

हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेताना वनस्पती या जड अणूला थोडं टाळतात, पण सगळ्या सारख्या टाळत नाहीत. भात, गहू, हरभरा, बहुतेक सगळी झाडं आणि झुडपं त्याला जास्त टाळतात. त्यांना सी-३ म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं कमी टाळतात. त्या सी-४. ही दुसरी रीत हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उलगडली, तीही उसाच्या पानांवर. दोन गटांत जड कार्बनच्या प्रमाणात हजारी साधारण चौदा-पंधराचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ, पण मोजायला भरपूर.

कॅलिफोर्नियातल्या डीनिरो आणि एपस्टाइन यांनी १९७८ साली दाखवलं की ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या प्राण्यांच्या शरीरात हे प्रमाण जवळपास खाद्याइतकंच राहतं, हजारी एखाद्याने वाढतं इतकंच. भाकरी खाणाऱ्याच्या केसातला कार्बन आणि भात खाणाऱ्याच्या केसातला कार्बन वेगळा निघतो तो यामुळेच.

हे मोजण्याची जुनी आणि अजूनही सर्वात भरवशाची रीत प्रकाशाची नाही, वजनाची आहे. नमुना जाळून त्याचा वायू करायचा आणि वस्तुमान-वर्णपटमापकात जड-हलके रेणू वेगळे करायचे. नावात वर्णपट असला तरी तिथे प्रकाश नसतो. पण प्रकाशालाही हे जमतं. साध्या कार्बनचा डाय-ऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपास अवरक्त प्रकाश जोरात शोषतो. जड कार्बनचा मात्र ४.३८ च्या आसपास, कारण जड गोळा लावलेली स्प्रिंग सावकाश हलते. दोन्ही जागी किती प्रकाश गेला ते मोजलं की प्रमाण मिळालं.

पोटातल्या 'एच. पायलोरी' जिवाणूसाठी श्वासाची तपासणी करतात, तिच्यात अनेक ठिकाणी हेच तत्त्व वापरतात. रुग्णाला जड कार्बन असलेला युरिया पाजतात. जिवाणू असला तर तो युरिया फोडतो आणि थोड्या वेळाने श्वासात जड कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला दिसतो.

नमुना अगदी थोडा असेल तर प्रकाशाला वायूतून लांब चालवावं लागतं. १९८८ साली ओकीफ आणि डीकन यांनी मांडलेल्या पद्धतीत लेसरचा प्रकाश अतिशय चकचकीत आरशांमध्ये कोंडतात. तो हजारो वेळा इकडून तिकडे धावतो, काही किलोमीटर चालल्याइतका, आणि किती लवकर विझला यावरून आतल्या वायूचं शोषण कळतं. यंत्र टेबलावर मावतं. त्याला भट्टी जोडली की केस किंवा पिसाचा तुकडा जाळून त्यातला कार्बन थेट वाचता येतो.

नायट्रोजनपाशी मात्र गाडी अडते. जड नायट्रोजन अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला हजारी तीन-चारने वाढतो. गवतापेक्षा सशात जास्त, सशापेक्षा कोल्ह्यात जास्त. शाकाहारी की मांसाहारी हे सांगायला ही खूण फार उपयोगी. पण नायट्रोजन वायूचा रेणू दोन सारख्या अणूंचा असतो आणि असा रेणू अवरक्त प्रकाश शोषतच नाही. लेसरसाठी तो पारदर्शक. त्याचं रूपांतर दुसऱ्या वायूत करावं लागतं, नाहीतर पुन्हा वजनाच्या यंत्राकडे जावं लागतं.

शेवटचं जेवण की सगळं वर्ष?

कुठला अवयव तपासला यावर उत्तर कुठल्या काळाचं आहे ते ठरतं.

श्वास सर्वात ताजा. वेल्च आणि सुआरेझ यांनी अमेरिकेत हमिंगबर्ड पक्ष्यांना आधी बिटाची साखर दिली, मग उसाची. बीट सी-३, ऊस सी-४, चवीला दोन्ही साखरच. उसाची साखर दिल्यावर तासाभराच्या आत पक्ष्यांच्या उच्छ्वासातला बहुतेक कार्बन उसाचा झाला होता. घोट घ्यायचा आणि लगेच जाळायचा, असा त्यांचा रोखीचा व्यवहार आहे.

रक्तातला पातळ भाग काही दिवसांची गोष्ट सांगतो. स्नायू आणि चरबी काही आठवड्यांची ते महिन्यांची. हाड वर्षांची, पण सगळी वर्षं एकत्र कालवून. केस आणि पीस यांचा स्वभाव निराळा. एकदा वाढलेला केस बदलत नाही, त्यामुळे टोकाकडे जुनं आणि मुळाकडे नवं, अशी ती क्रमवार नोंदवही असते. हत्तीच्या शेपटीच्या अर्ध्या मीटर केसात दीड-दोन वर्षांचं खाणं लिहिलेलं असतं.

हाडांच्या बाबतीत प्रकाशाचा उपयोग राखणदारासारखाही होतो. जुन्या हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन टिकलं असेल तरच त्यातून आहार कळतो. टिकलंय की नाही हे पाहायला हाडाचा तुकडा विरघळवावा लागायचा, आणि पुष्कळदा हाती काहीच लागायचं नाही. मॅट स्पॉनहायमर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की निकट-अवरक्त प्रकाशाने हाडाला धक्का न लावता कोलॅजेनचा अंदाज येतो. संग्रहालयातली कित्येक हाडं त्यामुळे उगीच खर्ची पडायची वाचू शकतात.

हत्तीने ऊस खाल्ला का?

केनियातल्या सांबुरूमध्ये थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी हत्तींच्या शेपटीचे केस तपासले. त्यांचं काम २००६ साली आलं. मोजणी वजनाच्या यंत्रावर झाली होती, पण वाचनाची रीत लेसरसाठीही तीच आहे. पाऊस पडला की हत्ती गवताकडे वळतात, म्हणजे सी-४ कडे. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांकडे, म्हणजे सी-३ कडे. केसात हे चढ-उतार लाटेसारखे उमटले होते. त्यांच्यातला एक नर कोरड्या दिवसांत डोंगरावरच्या जंगलात जायचा. तिथल्या झाडोऱ्यात सी-४ फारसं नसताना केसात मात्र ती खूण दिसली, तेव्हा आजूबाजूच्या मक्याच्या शेतांकडे संशय गेला. गळ्यातल्या पट्ट्यावरून तो कधी कुठे होता ते माहीत होतं, म्हणून हा अर्थ लावता आला.

हीच पद्धत सिंधुदुर्गात दोडामार्गला किंवा कोल्हापुरात चंदगडला आणली तर? कर्नाटकातून येणारे हत्ती तिथे भात, केळी, नारळ, ऊस यांचं नुकसान करतात आणि भरपाईवरून वाद होतात. वाटतं, एक केस घ्यावा आणि निकाल लावावा. पण हिशेब मांडून पाहा. भात सी-३, केळ सी-३, नारळ सी-३. जंगलातली झाडं आणि बांबूही सी-३. म्हणजे हत्तीने रात्रभर केळीची बाग फस्त केली तरी त्याच्या केसातला कार्बन म्हणेल, 'मी जंगलात होतो'. ऊस सी-४ आहे, तो उठून दिसेल. पण रानातली बरीचशी गवतंही सी-४ आहेत, म्हणजे तिथेही सरळ उत्तर नाही. शेतकऱ्याचा पंचनामा आणि पावलांचे ठसे जे सांगतात ते इथे केस सांगू शकत नाही. सांबुरूच्या डोंगरावर चाललेली किल्ली सह्याद्रीच्या कुलपाला लागेलच असं नाही.

अंदाजावरचा अंदाज

उत्तर ऑस्ट्रेलियातलं एक काम मला या सगळ्यात सर्वात बोलकं वाटतं. तिथली कुरणं सी-४ गवतांची आणि त्यात मिसळलेली शेंगावर्गीय झुडपं सी-३. गुरांनी दोन्हींपैकी किती काय खाल्लं हे शेणातल्या जड कार्बनवरून कळतं, पण ती तपासणी महाग. डेव्हिड कोट्स आणि रॉब डिक्सन यांनी शेणाच्या निकट-अवरक्त वर्णपटाची सांगड थेट त्या जड कार्बनच्या आकड्याशी घातली आणि ती जमली.

पण निकट-अवरक्त प्रकाशाला शेणातला हजारी काही अणूंचा फरक दिसत नाही. त्याला दिसतात प्रथिनं, तंतू, लिग्निन. गवत खाल्लेल्या शेणात ती एका तऱ्हेची असतात, झुडूप खाल्लेल्यात दुसऱ्या तऱ्हेची. गवताबरोबर जड कार्बनही येतो, म्हणून आकडे जुळतात. एखाद्या कोर्टात साक्षीदाराने आरोपीला पाहिलेलं नसावं, त्याची चप्पल ओळखून नाव सांगावं, तसं हे आहे. चप्पल त्याचीच असेल तोवर साक्ष खरी. कुरणात वेगळंच झुडूप उगवलं, नव्या जातीचं गवत आलं, की समीकरण त्याच ठामपणे चुकीचा आकडा देईल. यंत्र 'मला माहीत नाही' असं आपणहून म्हणत नाही. जाणकार संशोधक म्हणूनच नवा नमुना जुन्या जोड्यांच्या कक्षेत बसतो का ते आधी तपासतात आणि अधूनमधून काही नमुने पुन्हा रासायनिक तपासणीला पाठवतात.

आता खिशात मावणारी निकट-अवरक्त यंत्रं विकत मिळतात आणि दुधापासून फळांपर्यंत सगळं ओळखण्याचे दावे त्यांच्यासोबत येतात. यंत्र बहुधा प्रकाश नीटच मोजत असतं. विचारायचं ते एवढंच, की त्यातलं समीकरण कुठल्या नमुन्यांवर बसवलंय. परदेशातल्या कुरणावरच्या गायींच्या दुधावर बसवलेलं असेल, तर कडबा, उसाचं वाढं आणि सरकी पेंड खाणाऱ्या आपल्या गायीबद्दल ते काय सांगणार?

आणि काही प्रश्न प्रकाशाकडे नेऊच नयेत असे असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबटे काय खातात हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शोधलं ते विष्ठेतून. बिबट्याने खाल्लेल्या प्राण्याचे केस पचत नाहीत. ते धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धरून कुठल्या प्राण्याचे आहेत ते ओळखता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात बिबट्याच्या आहाराच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या गावात भरपूर असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. जड कार्बन मोजून कुत्रा आणि शेळी अशी नावं मिळाली नसती. गावातलं कुत्रं बाजरीच्या भाकरीवर जगतं, शेळी बाभळीच्या पाल्यावर, हे आधी माहीत असेल तर थोडा अंदाज आला असता. केस मात्र हातात घेतला की कुत्र्याचा तो कुत्र्याचाच.